गृहवाटिका : वाफ्याच्या फळीचें कुलशील

आमच्या वाचकभगिनींपैकीं एकीनें पत्रद्वारें असें विचारलें आहे कीं, "परसांतील जमीन चिबड असल्यामुळें पावसाळ्यांत भाजी मुळांशीं कुजते, म्हणून लाकडी कडा लावून उंच वाफे करावयाचे आहेत. वखारींत साग फार महाग सांगतात. घरांत जुन्या वाड्याच्या कांहीं रंगविलेल्या फळ्या पडून आहेत, आणि रेल्वेचे जुने स्लीपरही स्वस्तांत मिळतात असें कळतें. ह्यांतील कोणतें लाकूड अधिक टिकेल?"

प्रश्न टिकाऊपणाचा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आमच्या मतें त्याच्या आधीं आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. ह्या वाफ्यांतील माठ, मेथी, मुळा, गाजर हीं घरांतील लहानथोर सर्व माणसें खाणार. नातवंडें त्या मातींत खेळणार आणि मातीचा हात न धुतांच तोंडांत घालणार. तेव्हां फळी किती वर्षें टिकेल हें पाहण्यापूर्वीं ती मातींत काय सोडील, हें पाहिलें पाहिजे.

सोयरीक जुळवितांना वडीलधारी माणसें कुल पाहतात आणि शीलही पाहतात. लाकडासही हाच न्याय लावावा. लाकडाचें कुल म्हणजे त्याच्या झाडाची जात. त्याचें शील म्हणजे तें आजवर कोठें राहिलें, कोणत्या संगतींत राहिलें, आणि त्याच्या अंगीं कोणीं काय मुरविलें. बहुतेक लोक वखारींत जाऊन केवळ कुल विचारतात व "सागवान आहे" एवढें ऐकून संतुष्ट होतात. आमचें सांगणें असें कीं, भाजीच्या वाफ्यापुरतें कुल थोडें उणें असलें तरी चालेल; शील उणें असलेलें मुळींच चालणार नाहीं.

प्रथम कुलाचा विचार करूं. आमचे शेतकरी ज्यास गादीवाफा म्हणतात त्याचेंच हें घरगुती रूप होय. जमिनीपेक्षां माती उंच असल्यानें जादा पाणी निथळून जातें व मुळांना हवा मिळते. मात्र त्या मातीला चहूं बाजूंनीं धरून ठेवणाऱ्या फळीची स्थिति मोठी कठीण असते. लाकूड कुजतें तें नुसत्या पाण्यानें नव्हे, तर बुरशीनें. आणि बुरशीला पाणी व हवा हीं दोन्ही लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेंकडा वीस भागांहून कमी पाणी लाकडांत असेल तर बुरशी वाढूं शकत नाहीं. म्हणूनच माजघराची तुळई तीन पिढ्या टिकते. उलटपक्षीं नदीच्या गाळांत पूर्ण बुडालेला खुंट हवेच्या अभावीं दीर्घकाळ राहतो. वाफ्याची फळी ह्या दोहोंच्या मध्यें सांपडते. तिला एका अंगानें ओली माती व दुसऱ्या अंगानें मोकळी हवा मिळते. म्हणजे बुरशीचें दोन्ही बाजूंनीं आदरातिथ्यच होतें. शिवाय मातींतून वाळवी येते ती निराळीच.

अशा ठिकाणीं कोणतें लाकूड तग धरतें हें पाहण्याची एक मार्मिक रीत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत रूढ आहे. ही संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. निरनिराळ्या झाडांच्या गाभ्याचे सुमारें दोन फूट लांब व दोन इंच जाड असे खुंट करून ते निम्मे जमिनींत पुरतात आणि किती महिन्यांनीं कोणता खुंट कुजतो वा वाळवी खाते ह्याची नोंद ठेवतात. पुरलेल्या खुंटांच्या रांगा दिसतात तशाच, म्हणून इंग्रजींत ह्या परीक्षेला 'ग्रेव्हयार्ड टेस्ट' असें म्हणतात; आपण तिला स्मशान-परीक्षा म्हणूं. सरासरीनें १२० महिने वा अधिक टिकेल तें लाकूड पहिल्या वर्गाचें, ६० ते १२० महिने टिकेल तें दुसऱ्या वर्गाचें, आणि ६० महिन्यांच्या आंत जाईल तें तिसऱ्या वर्गाचें. साग व साल हे वृक्ष पहिल्या वर्गांत बसतात. आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गांत जातात.

येथें एक गोष्ट मात्र नीट ध्यानांत ठेवावी. ही प्रतवारी केवळ गाभ्याची आहे. संस्कृतांत झाडाच्या ह्या घट्ट अंतर्भागास 'सार' असा सुंदर शब्द आहे. ज्यांत सार नाहीं तें असार. केळीच्या खांबास असा गाभा नसतो, म्हणूनच संस्कृत कवींनीं संसाराच्या असारतेला त्याची उपमा पुनःपुन्हां दिली आहे. सागाच्या झाडांतही सालीलगत असणारें पांढुरकें लाकूड असारच समजावें. त्यांत गाभ्यांतील तेलकट, कीडप्रतिबंधक द्रव्यें नसतात आणि मातींत तें आंब्याच्या फळीप्रमाणेंच लवकर जातें. लागवडींतील अल्पवयीन सागाच्या फळ्यांत हा पांढरा भाग पुष्कळ असतो. तो सागच असतो, विकणारा खोटें बोलत नाहीं. परंतु त्यांत सार थोडें असतें. फळीचें टोंक पाहावें; सोनेरी-तपकिरी भाग किती व पांढुरका किती हें तेथें स्पष्ट दिसतें. सागाखेरीज बाभूळ, शिसव व जांभूळ ह्यांचा गाभाही चिवट असून मातींत बरींच वर्षें काढतो. बाभळीच्या फळ्या वांकतात व सुताराला कष्ट देतात, तरीही वाफ्याला त्या उत्तम.

आतां शीलाकडे वळूं. जें द्रव्य बुरशी व वाळवी मारतें, तें विषच असावयाचें. लाकूड टिकावें म्हणून त्यांत असें द्रव्य मुरविण्याची विद्या गेल्या दोन शतकांत फार वाढली. १८३८ सालीं इंग्लंडांत जॉन बेथेल ह्या गृहस्थांनीं दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलें क्रिओसोट नांवाचें तेल दाबाखालीं लाकडांत भरण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. रेल्वेचे स्लीपर अनेक देशांत ह्याच तेलानें टिकविले गेले. आपल्याकडे सागासालाचे कांहीं स्लीपर तेलाविनाही वापरले गेले हें खरें. परंतु चीड इत्यादि हलक्या लाकडांस तें तेल पाजण्याचा प्रघात होता. क्रिओसोटमध्यें जीं द्रव्यें असतात त्यांपैकीं कांहीं कर्करोगास कारण होतात, आणि उन्हाळ्यांत जुन्या स्लीपरमधूनही तें पाझरतें. शिवाय लोहमार्गावर वर्षानुवर्षें सांडलेलें वंगण त्यांत मुरलेलें असतें तें वेगळेंच. काळसर डाग, डांबरासारखा वास, उन्हांत चिकट होणारा पृष्ठभाग, ह्यांपैकीं एकही खूण दिसली तर स्लीपर परत पाठवावा. खूण न दिसली तरीसुद्धां भाजीसाठीं तो घेऊं नये असेंच आम्ही सांगूं. कारण त्याचें पूर्वचरित्र सांगणारा कोणीच नसतो. प्रश्न विचारणाऱ्या भगिनींना स्लीपरापुरतें आमचें उत्तर हेंच.

दुसरें संशयास्पद लाकूड म्हणजे हिरवट झांक असलेलें. त्याचा इतिहास आपल्याच देशांतला आहे. डेहराडूनच्या ज्या संस्थेचा वर उल्लेख केला, तेथेंच सोंटी कामेसन ह्या भारतीय शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं एक नवें मिश्रण शोधून काढलें. त्यांत सोमलांतील आर्सेनिक, मोरचुदांतील तांबें आणि क्रोमियमचा एक क्षार हीं द्रव्यें होतीं. आर्सेनिक व तांबें ह्यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला 'ॲस्क्यू' असें नांव पडलें. तांबें बुरशीला मारतें, आर्सेनिक वाळवीला मारतें, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडाशीं बांधून ठेवतें, अशी ती योजना. १९३८ सालीं अमेरिकेंतही त्याचें पेटंट मिळालें. पुढें ह्याच त्रयीच्या सुधारलेल्या मिश्रणांनीं जगभर तारांचे खांब, कारखान्यांतील पाणी थंड करण्याचे मनोरे, कुंपणें, इतकेंच नव्हे तर मुलांच्या खेळाच्या चौकटीही टिकविल्या गेल्या.

कामेसन ह्यांचा शोध मोठाच होता. जें लाकूड पांच वर्षांत कुजलें असतें तें अनेक दशकें टिकूं लागलें, आणि तेवढी झाडें तोडावयाचीं वांचलीं. परंतु क्रोमियमचें बंधन घट्ट असलें तरी संपूर्ण नसतें. पावसापाण्यानें आर्सेनिकाचा थोडा अंश सुटून फळीलगतच्या मातींत उतरतो, असें पुढें अनेकांनीं मोजून पाहिलें. अमेरिकेंतील उत्पादकांनीं २००३ सालाच्या अखेरीपासून घरगुती बांधकामासाठीं असें लाकूड देणें थांबविलें, आणि युरोपांतही २००४ पासून त्यावर निर्बंध आले. खांबासाठीं काढलेली वस्तु स्वयंपाकघराच्या वाटेवर आणूं नये, एवढाच ह्यांतील बोध. जुन्या मनोऱ्यांच्या वा खांबांच्या फळ्या भंगारांत स्वस्त मिळाल्या तर मोह आवरावा. नवेपणीं दिसणारी हिरवट झांक जुनेपणीं करडी होते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबूं नये.

तिसरें लाकूड तें आपल्या भगिनींच्या घरांतीलच, जुन्या वाड्याचें. पुण्यासारख्या शहरांत जुने वाडे उतरविले जातात तेव्हां तुळया, खांब व फळ्या बाजारांत येतात. त्यांतील सागाचें सार आज शोधूनही मिळावयाचें नाहीं, असें कुल! परंतु त्याच्या अंगावर रंगाचे अनेक थर असतात. पूर्वींच्या तेलरंगांत सफेदा, शेंदूर व पिवळा क्रोम ह्या रूपांनीं शिसें भरपूर असे. आपल्या सरकारनें घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लक्ष भागांत ९० भाग अशी ठरविली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आली. म्हणजे त्याआधींचा कोणताही रंग निर्धोक गृहीत धरतां येत नाहीं. शिसें मुलांच्या मेंदूस अपाय करतें, आणि त्याचें सर्वांत वाईट रूप म्हणजे रंग खरवडतांना उडणारी धूळ. म्हणून अशी फळी अंगणांत बसून खरवडूं नये. रंग कधींच न लागलेली आढ्याची वा माळ्याची फळी असेल तर ती खुशाल वापरावी. तिच्यासारखी दुसरी मिळणार नाहीं. रंगविलेली असेल तर तिचा वाफा करूं नये. वाळवी येऊं नये म्हणून जिला पूर्वीं औषध किंवा मोटारीचें जळकें तेल चोपडलें असेल तीही बाजूस ठेवावी. त्या काळ्या तेलांत धातूंचे कण व ज्वलनापासून झालेलीं अपायकारक द्रव्यें असतात.

चौथें म्हणजे परदेशी मालाच्या खोक्यांचें लाकूड. त्यावर गव्हाच्या लोंबीचें चित्र असलेला एक शिक्का असतो. शिक्क्यांत 'एच्. टी.' हीं अक्षरें असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटें तापविलेलें आहे, त्यांत औषध नाहीं, असें समजावें. 'एम्. बी.' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड ह्या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तें घेऊं नये. 'एच्. टी.' असूनही तेलाचे वा रसायनाचे डाग दिसत असतील तर तेंही नको, कारण खोक्यांतून काय सांडलें हें शिक्का सांगत नाहीं. प्लायवूड व भुशाचे दाबलेले तक्ते ह्यांविषयीं फार लिहीत नाहीं: त्यांत राळेसारखीं रसायनें असतात, अनेकदां कीटकनाशकही असतें, आणि दोन पावसांत त्यांचे पापुद्रे सुटतात. कुल नाहीं आणि शीलही नाहीं.

ज्यांच्या घरीं असे संशयित वाफे आधींच झाले आहेत त्यांनीं घाबरून जाऊं नये. आर्सेनिक बहुतांशीं फळीजवळच्या कांहीं इंच मातींतच राहतें. फळीच्या आंतल्या अंगाला जाड प्लास्टिकचा कागद लावावा, तळाशीं मात्र लावूं नये. कडेची माती काढून टाकावी. मुळा, गाजर, बीट व पालेभाज्या मध्यभागीं लावाव्या किंवा त्या वाफ्यांत शेवंती, झेंडू लावून भाजी दुसरीकडे न्यावी. भाजी स्वच्छ धुवावी, कंद सोलून घ्यावे. क्रिओसोटचे स्लीपर मात्र काढूनच टाकावे.

आणि काढलेल्या लाकडाचें काय करावें? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो कोणी विचारीत नाहीं. आपल्या घरांत लाकडाचा तुकडा फुकट जाऊं द्यावयाचा नाहीं अशी जुनी शिस्त आहे. जेथें अजून बंब पेटतो तेथें तो बंबांत जातो, नाहीं तर होळींत पडतो. औषध मुरविलेलें वा रंगविलेलें लाकूड कधींही जाळूं नये. आर्सेनिक व शिसें जळून नाहींसें होत नाहीं. त्याचा कांहीं भाग धुरांतून घरांत पसरतो आणि उरलेला राखेंत राहतो. तीच राख आपण भांडीं घासावयास घेतों, तीच तुळशीच्या वृंदावनांत व वाफ्यांत टाकतों. म्हणजे फळी मातींत असतां वर्षानुवर्षांत जेवढें विष सोडती, त्याहून कितीतरी अधिक एका सकाळीं मोकळें होतें, आणि तेंही सर्वांत निर्मळ समजल्या जाणाऱ्या राखेच्या रूपानें. असे तुकडे वेगळे बांधून नगरपालिकेच्या कचऱ्यांत 'औषधी लाकूड' म्हणून सांगून द्यावे.

आतां प्रत्यक्ष कृतीचें थोडक्यांत सांगतों. सहा फूट लांब, तीन फूट रुंद व एक फूट उंच असा वाफा दोन्ही बाजूंनीं हात पोहोंचण्याजोगा होतो. त्याची कड १८ फूट. फळी दीड इंच जाड घेतल्यास सव्वादोन घनफूट लाकूड लागतें. पालेभाजीला आठ इंच उंचीही पुरते, तेव्हां दीड घनफुटांत काम भागतें. माती फळीच्या काठापर्यंत भरली तर फूटभर उंचीच्या वाफ्यांत १८ घनफूट बसते, आणि ओल्या मातीचें वजन घनफुटास सुमारें ५० किलो धरलें तर तो भार ९०० किलोंच्या घरांत जातो. म्हणून गच्चीवर असा वाफा करण्यापूर्वीं इमारतीच्या जाणत्या अभियंत्यास अवश्य विचारावें. अंगणांत अर्थातच ही चिंता नाहीं.

फळीला रंग देऊं नये. द्यावयाचेंच असेल तर निव्वळ जवसाचें तेल उन्हांत दोनदां चोळून मुरूं द्यावें. बाजारांतील 'उकळलेल्या' जवसतेलांत लवकर वाळण्यासाठीं धातूंचे क्षार घातलेले असूं शकतात, तेव्हां कच्चेंच मागावें. टांकणखार मुरविलेलें लाकूड माणसास फारसें अपायकारक नसलें तरी पावसानें तो खार मातींत उतरतो, आणि अति झाल्यास रोपांच्या पानांच्या कडा करपतात. फळीखालीं खडीचा वा विटांचा थर द्यावा, म्हणजे पाणी तुंबत नाहीं. एवढ्या एका उपायानेंही लाकडाचें आयुष्य पुष्कळ वाढतें. बांबू वापरावयाचा तर पिकलेला घेऊन कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावा, म्हणजे त्यांतील पिठूळ अंश जाऊन भुंगा कमी लागतो. तरी तो फार वर्षें टिकेल अशी अपेक्षा करूं नये. कोंकणांतील वाचकांनीं तर लाकडाच्या मागें न लागतां जांभ्या दगडाचे चिरेच रचावे. त्यांस ना वाळवी, ना बुरशी.

साग परवडत नाहीं त्यांना आम्ही आंब्याची कोरी, निर्मळ फळी घ्या असें निःशंकपणें सांगूं. ती दोन-तीन पावसाळे काढील, मग कुजेल, आणि कुजून त्याच मातीचें खत होईल. तीन वर्षांनीं फळी बदलण्याचा खर्च हा कांहीं मोठा तोटा नव्हे. जें लाकूड कुजतच नाहीं, तें कां कुजत नाहीं हें आधीं विचारावें. गाभ्याच्या गुणानें कुजत नसेल तर त्याला घरांत मान द्यावा. अंगीं भिनविलेल्या विषानें कुजत नसेल तर तें भाजीच्या वाफ्यापासून दूरच बरें. वखारींत गेल्यावर "हें लाकूड कोणतें?" एवढ्यावर न थांबतां "हें कोठून आलें?" असा दुसरा प्रश्न करावा, आणि ह्या दुसऱ्या प्रश्नाला जेथें सरळ उत्तर मिळत नाहीं तेथून रिकाम्या हातानें परतावें.

वाफा तयार झाल्यावर त्यांत माती, शेणखत व पालापाचोळा कोणत्या प्रमाणांत भरावा, ह्याचा विचार पुढील अंकीं करूं.